फोनमधला रंग

रंगारी बाईंच्या थोरल्या पोराला लाज म्हणून नव्हती. उकळत्या कढईत लाल रंगाचं कापड सोडून हा ढवळायचं विसरला आणि फोनवर खिदळत बसला. कापडाला गोवर निघाल्यासारखे डाग पडले. बाईंनी सगळ्या कामगारांसमोर त्याच्या हातातला फोन हिसकावला आणि त्याच कढईत टाकला.

थोरल्याने दार आपटलं आणि घर सोडलं. जाता जाता जिन्याच्या भिंतीवर रंगाचा हात टेकला. ती या घराची खोडच. गच्चीवर रंगकाम, त्यामुळे चढता-उतरता जो तो तिथेच हात टेकायचा आणि बाईंच्या शिव्या खायचा. बाईंनी भिंत घासली, पण तो लाल पंजा मात्र राहू दिला. का, ते विचारायची कुणाची छाती नव्हती.

फोन आता सगळ्यांकडे होता. कापड वाळत घालणारीकडे होता, पाणी भरणाऱ्या म्हाताऱ्याकडेही होता. गिऱ्हाइकं फोनवर रंग दाखवून "अस्साच द्या" म्हणायची. बाई त्यांना वाटेला लावायच्या.

"चिंधी आणा, उन्हात धरा, मग बोला. या डब्यातला रंग खोटा."

गिऱ्हाइकं तुटली. तुटेनात का!

वर्षभराने एका दुपारी धाकटी सून फोन नाचवत गच्चीवर आली. "आई, भाऊजी आहेत! माफी मागतायत. तोंड दिसतंय बघा!"

"दार हाताने आपटलं ना त्याने? मग हातानेच उघडायला सांग."

"आई, हट्टापायी पोरगा घालवशील," धाकटा म्हणाला. "आज बोलली नाहीस तर तो परत फोन करायचा नाही."

बाई कापड पिळत राहिल्या. पीळ जरा जास्तच बसला.

सुनेने फोन थेट त्यांच्या नाकासमोर धरला. थोरला वाळला होता. दाढी वाढली होती.

"चुकलो गं आई. यायचं फार मनात आहे. पण दुसऱ्या गावी असतो आता. सुट्टी मिळत नाही. लांब पडतं."

सून डोळे पुसू लागली. बाई त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हत्या. त्या बघत होत्या त्याच्या कानामागची भिंत. घासून घासून पोपडे उडालेली. आणि तिच्यावर एक पंजा. फोनमध्ये तो तपकिरी दिसत होता, पण बोटं ओळखीची होती.

बाईंनी ओले हात पदराला पुसले. फोनकडे पाठ फिरवली, जिन्याचं दार सताड उघडलं आणि खाली वाकून ओरडल्या,

"फोनमधल्या त्या खोटारड्याला मी ओळखत नाही! जिन्यात माझा पोरगा बसलाय, त्याला म्हणावं, तो डबा तिथेच ठेव आणि वर ये. कढई तापलीय, ढवळायला माणूस नाही!"