शर्ट आत घेताना

चाक पुन्हा उलटं फिरलं आणि दोरा तुटला.

"तुटला," खाटेवरून मास्तर म्हणाले.

"दिसतंय मला."

"दिसतंय तर पाय का थांबला नाही? मशीन म्हणजे सासू नाही, तिला घाबरायचं नाही. आधी हातानं चाक आपल्याकडे ओढायचं, मग पाय."

गल्ली तिला मास्तरीणबाई म्हणायची. म्हणायला काय जातं. नवरा शिवणार आणि ही काज-बटणं करणार, एवढीच तिची मास्तरकी. मशीन ती रोज पुसायची, पण त्या खुर्चीवर बसायची तिची टाप नव्हती. आता मास्तर आडवे झाले आणि खुर्ची तिच्याकडे आली. खाट त्यांनी मशीनला खेटून लावायला सांगितली होती. वारा येतो, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. वारा पलीकडच्या खिडकीतून येत होता.

शिकाऊ हाताला गिऱ्हाइकाचं कापड द्यायचं नाही, हा दुकानाचा जुना नियम. म्हणून सराव मास्तरांच्याच शर्टांवर. शर्ट एकेक करून ढगळ होत चालले होते, तेव्हा सरावाला काही कमी नव्हतं. "फुकटात शिकतेयस," ते म्हणत. "मी बारीक होतोय तोवर हात बसवून घे. पुढे दुकान चालवायचंय." ती असल्या विनोदाला हसत नसे. मास्तर तिच्याही वाटचं हसून घेत आणि मग बराच वेळ खोकत.

आज चौकड्यांच्या शर्टाची पाळी होती.

"माप घे आधी."

तिनं त्यांच्या पाठीमागून टेप ओढून छातीवर जुळवली. "छत्तीस."

"चौतीस," मास्तर टेपकडे न बघताच म्हणाले.

"छत्तीसच आहे."

"गिऱ्हाइकाचं माप घ्यायचं असतं, मन राखायचं नसतं. परवा धाकट्याचं कसं बरोबर घेतलंस?"

धाकटा म्हणजे मास्तरांचा भाऊ. परवा भेटायला आला, तर मास्तरांनी त्याला खाटेपाशी उभं केलं. जाड माणसाचं माप अवघड असतं, म्हणे, वहिनीला सराव होईल. त्यानं लाजून श्वास धरला. "सोड श्वास," मास्तर म्हणाले, "पोट कुठे जात नाही." त्या दिवशी तीसुद्धा हसली होती.

तिनं चौतीसचा खडू मारला. शर्ट उलटा करून सुईखाली धरला. चौकड्यांचं कापड मोठं चुगलखोर. टीप जरा वाकडी गेली की रेघ लगेच सांगते. तिची टीप काखेतून निघाली आणि खालच्या कडेला पोचेपर्यंत दोनदा वाट चुकली. दुसऱ्या बाजूची तीनदा.

मास्तरांनी टिपेवरून अंगठा फिरवला. "पिऊन शिवलंस काय?"

"हो. चहा."

"चालेल. आतल्या बाजूला आहे, कोण बघतंय."

हा शर्ट आधीही दोनदा आत घेतलेला. आत दोन्ही बाजूंना जास्तीच्या कापडाची बोट-दोन बोटं रुंद पट्टी उभी राहिली होती. सगळ्याच शर्टांत तशी होती. तिनं एकही पट्टी कापली नव्हती. त्यात तिचा एक हिशेब होता, कुणाला न सांगितलेला. औषध लागू पडेल, जेवण जाऊ लागेल, अंग भरेल. मग आपल्या वाकड्या टिपा एका बैठकीत उसवायच्या की शर्ट पहिल्यासारखे. शिवण्यापेक्षा उसवणं तिला कितीतरी चांगलं जमत होतं.

"हे टोचत असेल ना तुम्हाला?" तिनं पट्टीला बोट लावलं.

"टोचतं. राहू दे. कापू नकोस."

तिला एकदम बरं वाटलं. म्हणजे यांच्या मनातही तेच होतं तर. "नाहीच कापत," ती म्हणाली. "लागेल तेव्हा सोडवता येईल."

"तेच म्हणतोय. सगळे शर्ट असेच ठेव. धाकट्याला होतील. मी परवाचं माप ताडून बघितलंय. पोटावर थोडा ओढेल, पण तो श्वास धरतोच."

ते तिच्या हसण्याची वाट बघत थांबले. ती हसली नाही, म्हणून शिकवणं पुढे चालू झालं. "उसवताना ओढायचं नाही. मधले टाके तोडायचे, मग दोरा आपोआप..."

तिनं मोठी कात्री उचलली. त्या कात्रीला घरात दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा दुसरा जुना नियम. काखेपासून तिनं सुरुवात केली आणि टिपेला चिकटून खालच्या कडेपर्यंत आली. मग दुसरी बाजू. दोन लांब पट्ट्या पायडलपाशी पडल्या. आता उसवलं तरी आत काही उरलं नव्हतं.

मास्तर बघत राहिले. अंगठ्याएवढी चिंधी या माणसानं कधी वाया घालवली नव्हती. डोक्याखालची उशीसुद्धा गल्लीभरच्या कातरणांची, आणि तिचं एक टोक त्यांनी कधी शिवलंच नव्हतं. भर पडत राहते, म्हणायचे.

"हात वर करा."

त्यांनी केले. तिनं त्यांना शर्ट घातला, बटणं लावली. अंगाला अगदी बेतानं बसला. मास्तरांनी काखेखाली अंगठा घातला. टोचत होतं तिथे चाचपून बघितलं.

"टीप वाकडीच आहे," ते म्हणाले. मग अंगठा खाली नेत म्हणाले, "कात्री मात्र सरळ चालवलीस."

ती वाकून पट्ट्या गोळा करत होती. मास्तरांनी उशीवरून मान जरा उचलली आणि उचलून धरली. तिनं दोन्ही पट्ट्या उघड्या टोकातून आत सारल्या.