दोन वेगळी ताटं

कॅप्टन वैजयंती साबणीस यांनी मासे घेतले, म्हणून सहवैमानिक निनाद कुडाळकरने पनीर घेतलं. दोघा वैमानिकांनी एकच जेवण जेवायचं नाही, हा विमानातला जुना नियम. एकाला बाधलं तर दुसऱ्याने विमान उतरवायचं.

विमान खाली येऊ लागलं तसा कॅप्टनना घाम फुटला. त्या पोट धरून वाकल्या.

"मॅडम, तुम्ही टेकून बसा, मी उतरवतो," निनाद म्हणाला आणि त्याच्याही पोटात कळ आली. पनीर तर चांगलं होतं. पण दोघांच्या कानामागे मनं जोडणारी पट्टी होती. तिच्यातून कॅप्टनचं विमान चालवण्याचं सगळं कसब त्याच्या हातात उतरायचं, आज त्यांचं दुखणंही उतरलं. त्याला समोरचे आकडे दिसेनात.

"पट्टी काढ!" कॅप्टन कशाबशा म्हणाल्या आणि त्यांची शुद्ध हरपली.

त्याने पट्टी ओरबाडून काढली. कळ थांबली. धावपट्टी स्वच्छ दिसू लागली.

निनादने नियंत्रण-दांड्यावर हात ठेवले. हातांना काहीच आठवेना. पट्टीशिवाय त्याने आजवर एकही विमान उतरवलं नव्हतं.

"मॅडम," तो त्यांचा खांदा हलवू लागला, "मॅडम, उठा ना."