आडवा बांबू

सुनेच्या माहेरी, डोंगरातल्या त्या चिनी गावाच्या वेशीवर बायकांनी बांबू आडवा धरला.

“आई, गाणं म्हटल्याशिवाय पाहुण्यांना आत सोडत नाहीत हं,” सून हसत म्हणाली.

“आईला नाही जमणार,” मुलगा पुटपुटला.

“न जमायला काय झालं?” द्वारकाबाईंनी पदर खोचला आणि खणखणीत आवाजात उखाणा घेतला, “चीनच्या डोंगरात भाताचा थाट, दिनकररावांचं नाव घेते, सोडा आता वाट!”

एक शब्द कुणाला कळला नाही, पण बायका खिदळल्या आणि बांबू वर गेला.

दिनकरराव गेल्यापासून हळदीकुंकवाची बोलावणी थांबली होती. नाव घ्या म्हणून कुणी अडवलंच नव्हतं.

पुढच्या वळणावर आणखी एक बांबू आडवा दिसला, तशी द्वारकाबाईंनी पावलं झपाझप उचलली.