गावातलं एक दार

हजेरी बंद करा म्हणून सुरमल काळे या पारध्यानं सतरा अर्ज धाडले, तेव्हा कुठं अठ्ठेचाळीस साली मामलेदार चौकशीला गावात आले. देश स्वतंत्र झाला होता, पण कायदा इंग्रजांचाच होता: पारधी जन्मानंच गुन्हेगार, म्हणून त्यानं रोज चावडीत हजेरी देऊन तिथंच झोपायचं.

पोलीस पाटलानं साहेबांना मोठ्या तोऱ्यात गाव दाखवलं. "एका घराला दार न्हाई बघा. आमचा देव राखन करतो. माज्या आज्याच्या आज्यापास्नं हितं चोरी झाली न्हाई."

"मग यांची हजेरी कशाला?"

"चोर हायेत ना ते, साहेब!"

मामलेदारांना ते पटलं. त्यांनी वहीत शेरा लिहिला: बंदोबस्त चोख.

"साहेब, एक दार बघायचं ऱ्हायलं," म्हणत सुरमलनं त्यांना चावडीपुढं नेलं. जाड सागवानी दार, बाहेरून कडी, कडीला मुठीएवढं कुलूप.

"ह्याच्यात आमाला कोंडत्यात," सुरमल म्हणाला आणि पाटलाकडं वळला. "पाटील, देवावर एवढा भरवसा हाय, तर कुलूप कशाला इकत आनलं?"