कुलपातली साखर

"साखर पुन्हा वाढली आहे," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी सासऱ्यांकडे नाही, सुनेकडे पाहिलं.

सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साखरेचा डबा कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली हिच्या गळ्यात. म्हाताऱ्या माणसाला एकट्याला फिका चहा नको, म्हणून हीसुद्धा बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं करून गिळत होती. आणि वर हे असं बघणं!

"बाकी तब्येत छान आहे," डॉक्टर पुढे म्हणाले. "छातीतली जळजळ, आंबट ढेकर, सगळं थांबलंय. काय केलंत?"

"घरचं साधं जेवण," ती फणकाऱ्याने म्हणाली. सासरे छताच्या पंख्याकडे बघत होते.

बाहेर थोरली नणंद बसली होती. दार अर्धवट उघडं होतं, त्यामुळे तिला ऐकायचं ते सगळं ऐकू गेलं होतं.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "लाडाने काहीबाही भरवत असशील, नाहीतर लक्षच नसेल. रविवारी येते आणि बाबांना माझ्याकडे घेऊन जाते. कायमचं."

सासऱ्यांचे गुडघे वाकत नव्हते. सुनेने खाली बसून त्यांच्या पायांत बूट चढवले, नाड्या बांधल्या. लेक पर्स सांभाळत बाजूला उभी होती. तोंड उघडलं असतं तर दवाखान्यात तमाशा झाला असता, म्हणून सुनेने नाडीची गाठच करकचून आवळली.

सासूबाई गेल्यापासून सासऱ्यांचं सगळं तीच करत होती. नवरा जेवतानासुद्धा मोबाइलमध्ये डोकं घालून बसायचा. दिवसभरात तिच्याशी दोन शब्द हसून बोलणारे घरात हेच एक. ते गेले तर घर खायला उठलं असतं. शिवाय सुनेने सासऱ्यांना नीट सांभाळलं नाही, हा शिक्का कपाळावर बसला असता तो वेगळाच.

राग आला की ती घासायला घ्यायची. घरी येताच तिने खाण्याच्या सोड्याचा डबा काढला. सिंकमध्ये सोडा ओतून वर लिंबू पिळलं. करपलेल्या पातेल्यात सोड्याचं पाणी उकळत ठेवलं. नवऱ्याच्या वास मारणाऱ्या बुटांत चिमूटभर भुरभुरला. चहाचे डाग बसलेले कप सोड्याने घासले, आणि घासता घासता नणंदेला काय काय म्हणायचं ते सगळं म्हणून घेतलं.

तेवढ्यात कपांच्या फळीवरून एक झुरळ मिशा हलवत, अगदी ऐटीत निघून गेलं.

झालं! म्हणजे सोड्यानेही तिच्याशी दगाबाजी केली होती. शेजारणीने खात्रीचा उपाय सांगितला होता: सोडा आणि पिठीसाखर निम्मीनिम्मी कालवून वाट्यांत ठेवायची, झुरळं गोडाला भुलतात आणि सोड्याने मरतात. ती रोज संध्याकाळी न चुकता वाट्या ठेवत होती. एक सिंकखाली, एक फ्रिजमागे, एक कपांच्या फळीवर. खालच्या दोन वाट्यांना कोणी तोंड लावत नव्हतं. वरची मात्र सकाळी लख्ख. एवढं खाऊन मेलेलं झुरळ एकही सापडत नव्हतं.

ती तशीच डबा घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात गेली.

"हा सोडा आहे की खडूची पूड? वाटी रोज चाटूनपुसून रिकामी, आणि झुरळं आपली धष्टपुष्ट!"

दुकानदाराने शांतपणे चिमूटभर सोडा बशीत घेतला आणि लिंबाचे चार थेंब पिळले. फेस बशीबाहेर आला.

"सोडा अस्सल आहे, वहिनी. तुमची झुरळंच पचवणारी दिसतात."

गिऱ्हाइकं हसली. ती पाय आपटत परत आली. डॉक्टर बघतो, नणंद बोलते, दुकानदार हसतो, आता झुरळांनीही चेष्टा करायची तेवढी बाकी होती.

रविवारी नणंद सकाळीच हजर. बॅग भरून झाली होती. सासरे कोट घालून, काठी हातात घेऊन खुर्चीत बसले होते. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. ते बघून सुनेचा धीर सुटला आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं.

"ताई, न्यायचं तर न्या! पण माझ्यावर आळ घेऊन नेऊ नका." तिने गळ्यातली किल्ली ओढून काढली आणि टेबलावर आपटली. "या घरात मी बाबांना साखरेचा एक कण दिलेला नाही. घ्या किल्ली, बघा कपाट! विचारा त्यांनाच!"

तिचा आवाज फाटला. डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचाही तिला राग आला.

"काही विचारायचं नाही मला," नणंद म्हणाली. "चला बाबा."

सासरे काठी टेकत उठले. दारापर्यंत गेले आणि थांबले.

"तुझ्याकडे झुरळं आहेत का गं?" त्यांनी लेकीला विचारलं.

"माझ्याकडे? काहीतरीच काय बाबा! एक शोधून दाखवा."

सासऱ्यांनी क्षणभर विचार केला. मग मागे वळले, खुर्चीत बसले आणि कोटाची बटणं सोडायला लागले.

"मग नको. मी इथेच बरा," ते म्हणाले, आणि सुनेच्या नजरेला नजर न देता हळूच पुढे म्हणाले, "फक्त वरच्या वाटीत सोडा तेवढा कमी घालत जा."