करपा न पडणारा टोमॅटो

अहवालात एकच ओळ लिहायची राहिली होती आणि नेमकी तीच तिच्या हातून उतरत नव्हती.

ती काम करत होती त्या संशोधन संस्थेकडे निनावी पत्र आलं होतं. तिच्या बाबांनी तिथेच तयार केलेल्या टोमॅटोवर करप्याची बुरशी पडत नाही हे खरं, पण त्याचं श्रेय बाबांनी घातलेल्या जनुकाला देऊ नये, पुन्हा तपासावं. साहेबांनी तपासणी तिच्याकडेच सोपवली. "घरचं प्रकरण आहे, घरातच मिटलेलं बरं," म्हणाले.

पत्र लिहिणाऱ्याच्या नावाने तिने आठवडाभर बोटं मोडली. बाबांवर जळणारे काय कमी होते! पण तिसऱ्या तपासणीतही तेच निघालं. जनुक रोपात पोचवायला बाबांनी जो जीवाणू वापरला, त्याच्या डीएनएतला एक उड्या मारणारा तुकडा न बोलावता सोबत आला होता आणि टोमॅटोच्याच एका जनुकात ठाण मांडून बसला होता. ते जनुक मोडलं, म्हणून बुरशीला आत शिरायला वाट उरली नाही. बाबांचं जनुक नुसतं शोभेला होतं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाबा खिडकीतल्या कुंड्यांमधली पिवळी पानं खुडत होते. निवृत्तीनंतर एवढीच प्रयोगशाळा त्यांच्याकडे उरली होती.

"काय निघालं गं?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"काय निघायचंय? कुणाचं तरी पोट दुखत होतं."

"नीट तपासलंस?"

"तीनदा. तुमचंच जनुक काम करतंय, बाबा."

"दुसरं काही आत शिरलेलं नाही ना?"

"नाही हो."

बाबांनी आणखी एक पान खुडलं. "आता तेच जनुक वांग्यात घालायला संस्थेतली सहा पोरं बसलीत. चार-चार वर्षं घालतील बिचारी."

"मग त्यांचंही भलं होईल," म्हणताना तिची नजर खाली गेली.

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "दमलीस. चहा टाक."

तिला भरून आलं. या माणसाची तीस वर्षं एका ओळीत पुसायची? तिच्याने ते होणार नव्हतं. चहा उकळेपर्यंत तिने ओट्याशी उभ्या उभ्याच लिहून टाकलं: तक्रारीत तथ्य नाही.

कप घेऊन ती त्यांच्या खोलीत गेली. बाबा पाठमोरे बसून काहीतरी लिहीत होते. तिने खांद्यावरून डोकावलं.

"महोदय, माझ्या पहिल्या पत्राची तपासणी नीट झालेली नाही. तपासणाऱ्या बाई हुशार आहेत, पण त्यांचा वडिलांवर फार जीव आहे. काम दुसऱ्या कुणाकडे द्यावं."