दोनशे चौदा दिवसांची रेघ

सकाळचे अकरा वाजले आणि सर्व्हरचा जीव घशाशी आला. चाळीस हॉस्पिटलं एकाच वेळी एकाच तक्त्यात लिहीत होती, कुठली खाट रिकामी, कुठली भरली. इकडे लिहिलेलं तिकडे दिसायला बारा सेकंद लागत होते. तेवढ्यात एकाच खाटेवर दोन पेशंट चढवून झाले होते.

"ताई, काप आता!" सर्व्हर सांभाळणाऱ्या ताईच्या शेजारच्या खुर्चीतून तिचा जोडीदार, सगळ्यांचा 'दाढी', ओरडला. "नुसतं पान उघडं ठेवून जागा अडवून बसलेत त्यांना हाकल. सासुरवाडी आहे का ही?"

याच सर्व्हरवर इतर लोकांचीही लिहायची पानं उघडी असायची. रीत साधी होती. जास्त दिवस गप्प असलेला आधी जातो. कोणाचं पान उघडून बघायचं नाही, फक्त आकडा बघायचा. ताईनं यादी काढली. नऊ हजार जण. सगळ्यात वरचा दोनशे चौदा दिवस गप्प. इतके दिवस कोण उघडं ठेवतं? तिनं नको तेच केलं. पान उघडलं.

पान उघडं असलेल्या प्रत्येकाची नावाची रेघ, म्हणजे कर्सर, पानावर दिसायची. इथे दोघीच. तळाला एका अर्धवट ओळीपुढे हिरवी रेघ लुकलुकत होती, तिच्यावर नाव होतं 'आई'. ओळ एवढीच, "येताना दार नीट". आणि पार वर 'छकुली' नावाची निळी रेघ भराभर लिहीत होती. रोजची एक नोंद, नवी नेहमी वर.

"आई, तुझा टॅब मी चार्जिंगवरून काढत नाही. तू गेलीस आणि पासवर्ड घेऊन गेलीस. इथून बाहेर पडलीस तर परत कसं आणू तुला?"

ताईचा हात थबकला.

"झोप लागली का?" दाढी खेकसला.

"एकीला ठेवते."

"कोणाला? कात्री फिरली की या मशीनवरचा एकही गप्प माणूस उरत नाही."

"म्हणून तर शेजारच्या मशीनवर सरकवते."

"सरकव बाई, पण हात चालव. तिकडे माणसं दारात खोळंबलीत."

तिनं सरकवलं. मग कापलं. नऊ हजार एका झटक्यात गेले. बारा सेकंदांचा एक झाला. दाढीनं मान मागे टाकली. "सुटलो बुवा."

ताई पान बंद करायला गेली आणि तिला आपली चूक दिसली. मशीन बदललं की माणसाची रेघ पानाच्या पहिल्या ओळीवर जाऊन उभी राहते, हे घाईत तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. हिरवी रेघ तळाला नव्हती. वर होती. निळीला खेटून.

निळी थांबली होती. मग एकेक अक्षर उमटायला लागलं.

"आई? तू हललीस?"

दाढीनं वाकून पडद्याकडे पाहिलं. सगळं त्याच्या लक्षात आलं. आवाज खाली आला. "लिहून टाक ना, आम्ही सरकवलं म्हणून."

"कोण म्हणून लिहू?"

दाढीनं खुर्ची मागे सरकवली.

"बरं, मी आता काहीच लिहीत नाही," छकुलीनं लिहिलं. "तू लिही."

निळी गप्प झाली. दोन्ही रेघा शेजारी शेजारी लुकलुकत राहिल्या. एक लागली की दुसरी विझायची.